हद्दीवरची निगडी

केर्लीच्या पुढं पाणंदीला गाडी लावली तेव्हा साडेनऊ झाले होते.
मोजणीची तारीख. डाव्या गुडघ्यात
कालपासून कुणीतरी खिळा ठोकत होतं,
आणि खांद्यावर ते यंत्र, ज्याला आकाशातून कळतं
जमीन कुठं संपते.

एका अंगाला आण्णासो मगदूम, दुसऱ्या अंगाला शिवगोंडा मगदूम.
चुलत भाऊ. फूटभर पट्टीसाठी अकरा वर्षं
एकमेकांच्या बारशाला गेले नाहीत.
मधे बांध. बांधावर
ना ह्याच्या उसाची ना त्याच्या,
वेडीवाकडी निगडी.
पानं पाच पाच बोटांची, वरून हिरवी,
वारा आला की उलटून राखेची.
शेंड्याला जांभळी फुलं, इतकी बारीक
की मधमाशी बसली तरच दिसावीत.

यंत्र लावलं. रेघ झाडाच्या बुडातून गेली.
"मग उपटा की," दोघंही म्हणाले,
अकरा वर्षांत पहिल्यांदाच एका सुरात.

तेवढ्यात चंद्राक्का सुतार आली, काखेत बुट्टी.
झाडासमोर चप्पल काढली.
देवळासमोर काढतात तशी नाही,
शेजारणीच्या उंबऱ्यावर काढतात तशी.
"बाई, आलोय गं. बाळंतीण हाय,
राग मानू नगंस."
मग नखानं खुडू लागली. विळा बुट्टीतच.

"लोखंड दावायचं न्हाई तिला," मला म्हणाली,
"आनि दिवस बुडाल्यावर हात लावायचा न्हाई.
ती बी दमती. दिसभर लोकांची दुखनी आयकायची
म्हंजे सोपं हाय व्हय?"

बाळंतीण कुणाच्यातली, मी विचारलं.
"आण्णासोच्यातली. आंगुळीच्या पान्यात उकळायचा पाला.
आनि ही मूठ शिवगोंडाच्या पोराला,
तालमीत पाय मुरगाळून घेतलाय मुडद्यानं."

दोन्ही मगदूम आपापल्या उसाकडं बघत राहिले.
उसानं काही मदत केली नाही.

माझं लंगडणं तिनं आल्याआल्याच पाहिलं असणार.
तळव्यावर पाला चुरगाळून नाकाशी धरला.
कडू वास. थोडा कापूर, थोडी मिरी,
आणि कणगीच्या तळाशी कीड लागू नये म्हणून
पाला अंथरतात, तिथला तो अंधार.
भूक लागायच्या आधीच
कुणीतरी काळजी घेऊन ठेवल्याचा वास.

सव्वीस वर्षं दगड रोवले मी.
बाभळी पाडल्या, विहिरी अर्ध्या केल्या कागदावर,
एकदा तर एक चूल दोन गटांत वाटली.
त्या दिवशी शिपायानं पहार उचलली
आणि मी म्हणालो, राहू दे.
का म्हणालो, ते मला अजून नीट सांगता येत नाही.
अहवालात लिहिलं :
हद्दीची निशाणी, निर्गुडीचे झुडूप. स्थिती, जिवंत.

गुडघा बरा झाला नाही, खोटं कशाला सांगू.
राजारामपुरीतल्या डॉक्टरनी फोटो काढला,
गादी झिजलीय म्हणाले, आणि ते खरंच आहे.
पाला बांधला की तासभर खिळा थांबतो,
मग पुन्हा कामावर येतो, वेळेवर, माझ्यासारखाच.
पण त्या रात्री उशाशी डहाळी घेऊन झोपलो
आणि कुणीही स्वप्नात सातबारा घेऊन आलं नाही.

मगदूमांनी अपील केलंय, दोघांनीही.
शिवगोंडाचा पोरगा मात्र बारशाला जेवून गेला म्हणे,
मागच्या दारानं.

फाइल परत आलीय. वरिष्ठांनी लाल शाईत विचारलंय :
झुडूप मेल्यास हद्द कोणती?
उत्तर लिहिलेलं नाही.
शनिवारी सुट्टी आहे, तिकडं जाऊन येईन म्हणतो.
दिवस बुडायच्या आत.